परबबाईंची वळचण

सुलभा परब या बाईंचा मला पहिली चार वर्षं राग होता, हे आधीच सांगून टाकते. दहिसरच्या आमच्या मराठी शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा बाई पहिलीच्या वर्गावर वीसेक वर्षं ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांना चौथी देऊ केली, पाचवी देऊ केली, पण बाई हलल्या नाहीत. "वरचे वर्ग काय, कोणीपण शिकवील," असं त्या भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या. आता मी वरच्याच वर्गाची. राग येणार नाही तर काय?

त्यात माझं फळ्यावरचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. बाई येता-जाता माझ्या वर्गाच्या दारात थांबायच्या, फळ्याकडे बघायच्या आणि एक सुस्कारा टाकून पुढे जायच्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

दिसायला अगदी साध्या. बुटक्या, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला खडू, तोसुद्धा सुट्टीच्या दिवशी. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी गेली तशी ही मालवणकडची माणसं दहिसरच्या चाळीत आली, आणि आईवडील गेल्यावर बाई त्याच खोलीत एकट्या राहिल्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. वर्गात शुद्ध बोलायच्या. राग आला किंवा माया दाटून आली की मालवणी सुटायची, आणि दोन्हीचा सूर एकच असल्यामुळे नवीन पोरं गांगरून जायची.

त्यांची शिकवायची तऱ्हा एकच, हात धरायची. "हात दे," म्हणायच्या, पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवायच्या आणि अक्षर काढायच्या. वर्गात पन्नास पोरं असोत की साठ, रोज प्रत्येकाचा हात. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. एकदा मागच्या बाकावर बसून पाहिलं, तेव्हा त्यातली गंमत कळली. शब्द अर्ध्यावर आला की बाई आपला हात अलगद उचलायच्या, पण बोटभर वर तसाच धरून ठेवायच्या. पोराला वाटायचं, बाईंनी धरलंय. ते आपलं लिहीत जायचं. शब्द पुरा झाला की बाई म्हणायच्या, "बघ, मी कधीच सोडलेला." मग त्या पोराचं तोंड बघावं.

दुसरी गोष्ट शब्दावरच्या रेघेची. आधी सगळी अक्षरं, मग वरून एकच रेघ, हा त्यांचा दंडक. आधी भिंती, मग छप्पर. आणि ती रेघ शेवटच्या अक्षराच्या जराशी पुढे न्यायची. "वळचण ठेव गो, नायतर अक्षरां भिजतली." वळचण म्हणजे भिंतीबाहेर आलेलं कौलारू छप्पर. गावच्या घरांना असतं ते. दहिसरच्या पोरांना कुठलं ठाऊक? पण ठेवायचे सगळे. सातवीत माझ्यापुढे वह्या आल्या की मी एका नजरेत सांगायची, ही परबबाईंच्या हातची, ही दुसऱ्या शाळेतून आलेली.

पहिलीचं वर्ष संपलं की शेवटच्या दिवशी प्रत्येक पोराकडून त्या एक पान लिहून घ्यायच्या. पानावर फक्त स्वतःचं पूर्ण नाव. वर्षाची सगळी पानं एका कापडी पिशवीत, पिशवीवर वर्ष, आणि पिशव्या खोलीतल्या खाटेखाली. मी एकदा थट्टेने म्हटलं, "बाई, रद्दीवाल्याचं नशीब काढलंत." त्यावर त्यांनी मला आईची गोष्ट सांगितली. रेशनच्या दुकानात आई अंगठा लावायची आणि शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसायची, लोकांना दिसू नये म्हणून. लहानपणी बाई त्या पदराला धरूनच उभ्या असायच्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या वर्गातला एकपण पोर अंगठो लावचा नाय." त्या दिवसानंतर माझा राग बराचसा गेला. सगळा नाही.

मग ते वर्ष आलं. शाळा बंद झाली आणि मुलांनी बसायच्या हॉलमध्ये कोरोनाच्या तपासणीचा कॅम्प लागला. आम्हा शिक्षकांच्या ड्युट्या लागल्या. पंचावन्नच्या वरच्यांना सूट होती. बाई सत्तावन्नच्या, वर साखरेचा आजार, म्हणजे दोनदा सूट. तरी त्यांनी अर्ज करून ड्युटी मागून घेतली. मी फोनवर तावातावाने भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरात बसान भिंतीक काय शिकवू?"

खरं म्हणजे सकाळी दोन तास त्या मोबाइलवरून पहिलीचा वर्ग घेतच होत्या. मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवायच्या. पण पडद्यातून हात कसा धरायचा? चार दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी पोरांच्या आयांनाच समोर बसवलं. त्यांतल्या निम्म्या त्यांच्याच विद्यार्थिनी. "तुमचे हात मीच वळवलेत," म्हणाल्या, "आता ते पोरांच्या हातावर ठेवा." काही घरांत जमलं. काही घरांत एकच मोबाइल, तोही बापाबरोबर कामावर जायचा. त्या पोरांची नावं बाई रोज हजेरीत घ्यायच्या आणि त्यांच्या नावापुढची जागा मोकळी ठेवायच्या. गैरहजर लिहायला त्यांचा हात धजला नाही. त्या वर्षाची पिशवी मात्र त्यांनी नेहमीसारखी शिवून ठेवली होती.

कॅम्पमध्ये बाईंकडे फॉर्मचं टेबल होतं. बाकी ठिकाणी फॉर्म आम्हीच भरायचो, पटापट. बाईंच्या टेबलावर ज्याला लिहिता येतं त्याने आपला फॉर्म आपण लिहायचा. माणसागणिक पेन पुसायचं काम बाईंचं. रांग अडायची, कॅम्पच्या डॉक्टर वैतागायच्या, मी तर रोज वैतागायची. एकदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बाई, ही शाळा नाही. बाईंनी मान वर केली, भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेन पुसायला लागल्या.

नारळी पौर्णिमेला आठवडा राहिला असेल. दुपारी एक बाई आली. मास्क, त्यावर ओढणी, नुसते डोळे दिसत होते. फॉर्म भरला, नाकातून नमुना दिला आणि मान खाली घालून गेली. दुसऱ्या दिवशी यादी आली. सुनीता पाटील, वय एकतीस, पॉझिटिव्ह. मी नंबर फिरवला, तर गोरेगावच्या कुणा टायरवाल्याने उचलला. माझी कोणी सुनीता नाही, असं त्याने शुद्ध मराठीत आणि नंतर अशुद्ध मराठीत सांगितलं. दिलेल्या पत्त्यावर आरोग्यसेविका जाऊन आली. तशी चाळच नव्हती.

असे खोटे फॉर्म तेव्हा रोजचेच होते. घरात एक पॉझिटिव्ह निघाला की गल्ली सील व्हायची, शेजारी तोंड फिरवायचे. लोक घाबरायचे, दोष कुणाला देणार? मी कागद बाजूला ठेवत होते. डॉक्टरांनी तो पुन्हा ओढून घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. घरात आणखी कोणाला त्रास आहे का, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, सासूला, चार दिवस खोकला, धाप लागते. डॉक्टर म्हणाल्या, वय झालेलं माणूस, चार दिवस झालेले, आता ऑक्सिजन तासातासाला उतरेल. ही म्हातारी आज सापडायला हवी.

बाईंनी फॉर्म मागितला. दोरीचा चष्मा डोळ्यांना लावला. 'सुनीता पाटील' या दोन शब्दांवर एकेक रेघ होती, आणि दोन्ही रेघा शेवटच्या अक्षराच्या पुढे गेल्या होत्या.

"ही माझी आहे," बाई म्हणाल्या. मग कागद उलटा करून त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. अक्षरं मागच्या बाजूला उठली होती, इतकं दाबून लिहिलेलं. "काल लिहिताना मला हात ओळखीचा वाटला होता गो. मी विचारायला हवं होतं. लाजेल म्हणून गप्प बसले."

मी म्हटलं, बाई, तुमच्या हाताखालून दोन हजार पोरं गेली, त्यातली ही कुठली? तर म्हणाल्या, नाव खोटं, नंबर खोटा, पण वय खोटं सांगायचं घाईत कोणाला सुचत नाही. एकतीसमधून पहिलीचं वय वजा करून, एक वर्ष मागेपुढे धरून त्यांनी तीन वर्षं काढली. म्हणजे तीन पिशव्या. आम्ही दोघी जवळजवळ पळतच त्यांच्या खोलीवर गेलो.

खाटेखालून पिशव्या ओढल्या आणि जमिनीवर पानं पसरली. बाई पानं वाचत नव्हत्या. एकेक पान उलटं करून पाठीवरून बोट फिरवत होत्या. मीही तसंच करायला लागले. अर्धा तास आम्ही दोन मास्तरणी आंधळ्यासारख्या कागद चाचपत होतो, आणि मला आतून रडू येत होतं, कारण त्या कुठल्या तरी म्हातारीचे तास चालले होते. दुसऱ्या पिशवीत बाईंचं बोट थांबलं. पान सरळ केलं. जागृती हरेश्वर भांजी. रेघ लांब, वळचण ऐसपैस, आणि शेवटच्या अक्षराशी कागदाला चक्क भोक पडलेलं. बाई हसल्या. "कोळीवाड्यातली जागू. पेन्सिल मोडायची रोज."

खाडीकाठचा कोळीवाडा तिथून वीस मिनिटांवर. जागृती माहेराशेजारीच दिलेली, घर लगेच सापडलं. ती ओट्यावर जाळी आवरत होती. परबबाईंना पाहून तिच्या हातातली जाळी खाली पडली. काही विचारायची गरजच नव्हती. ती भिंतीला टेकून तिथेच बसली आणि तोंडावर पदर घेऊन म्हणाली, बाई, कशा हो आलात?

तिचं म्हणणं ऐकलं तर ते खोटं नव्हतं. मासेमारीची पावसाळी बंदी संपत आलेली. पौर्णिमेला नारळ टाकायचा आणि होड्या बाहेर काढायच्या. टाळेबंदीत आधीच सगळ्यांची वाट लागलेली, आणि आता तिच्या एका नावापायी गल्ली बंद झाली तर सगळ्या गल्लीच्या होड्या अडकणार. उद्या पाण्याच्या नळावर तोंड कसं दाखवायचं? पण सासूची धाप बघवत नव्हती, म्हणून नाव बदलून स्वतःची तपासणी करून आलेली. म्हणजे कॅम्पवर येऊन सुनीताचा निकाल विचारला की नेमकं काय आहे ते कळेल, आणि आपण आहोत हे कुणाला कळणार नाही.

सासू आत पलंगावर होती. हिराबाय. आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोरिवलीपर्यंत हिंडलेली बाई, आता उशीला टेकून नुसती श्वास मोजत होती. कॅम्पमधून आणलेला ऑक्सिमीटर मी दारातूनच सरकवला आणि जागृतीला बोटाला लावायला सांगितलं. म्हातारीचा हात इतका थरथरत होता की आकडा ठरेना. आमच्याकडे हातमोज्यांचा एकच जोड होता, तोही मी घातलेला. मी पुढे व्हायच्या आत बाई आत गेल्या. त्यांनी म्हातारीची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि पोरांना म्हणायच्या तसं म्हणाल्या, "हात दे." थरथर थांबली. आकडा आला. ब्याऐंशी.

मी अॅम्ब्युलन्ससाठी फोन लावला. जागृती आडवी आली. दवाखान्यात नेलेली माणसं परत येत नाहीत, पिशवीत बांधून येतात, तीही दुसऱ्याचीच असतात, असं तिने ऐकलं होतं. न्यायचीच तर सुनीताची सासू म्हणून न्या, आमचं नाव नको, म्हणाली. मी नियम सांगायला लागले. माझा आवाज चढला. बाईंनी मला हाताने गप्प केलं.

"जागू, खोट्या नावाने आत गेलेलं माणूस हरवतं," त्या म्हणाल्या. "दारात येऊन पुकारतील, ते नाव तू ओळखायला हवंस. ज्या नावाने नेशील त्याच नावाने परत मागशील ना?"

जागृती दारातून बाजूला झाली. बाईंनी पर्समधून कोरा फॉर्म काढला आणि पेन पुसून पुढे केलं. तिने बसून लिहिलं. सासूचं पूर्ण नाव, मग स्वतःचं. पेन इतकं दाबलं की खालची फळी कुरकुरली. शेवटी रेघ ओढली आणि वळचण ठेवली.

गल्लीच्या तोंडाशी बांबू लागले. त्या गल्लीच्या होड्या पौर्णिमेला निघाल्या नाहीत, उशिरा निघाल्या, आणि बरेच दिवस नळावर जागृतीशी कोणी बोललं नाही. हे मी लपवत नाही, कारण बाईंनीही तिला असं होणार नाही म्हणून सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी वॉर्डच्या दारात मावशींनी हिराबायच्या नावाचा पुकारा केला आणि जागृती ओ देऊन पुढे झाली. म्हातारी अजून आहे. ओट्यावर बसून सुनेला शिव्या देते.

बाई मात्र पाचव्या दिवशी तापाने पडल्या. दवाखान्यात तेरा दिवस होत्या. घरी आल्या आणि महिन्याभराने सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका छोटा होता, नशीब. नशीब कसलं? चालणं राहिलं, बोलणं राहिलं, आणि गेला तो नेमका उजवा हात. मी त्यांच्यासमोर बसून रडले आणि रडता रडता भांडलेही, की हातमोजे माझ्या हातात होते, दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं?  बाई म्हणाल्या, "आकडो येय नसलो गो." आकडा येत नव्हता, हे खरंच होतं. पण माझा राग आजही पुरता गेलेला नाही.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाळा अजून बंदच होती. शेवटच्या वर्गातल्या एकाही पोराचा हात त्यांनी धरला नव्हता. निरोपसमारंभ मोबाइलवर झाला, त्यात अर्ध्या लोकांचा आवाज बंद. त्या वर्षाची पिशवी रिकामीच राहिली.

पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वेळी मी बरोबर बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी भली होती. बाईंचा हात पाहून तिने आपणहून शाईचं पॅड पुढे सरकवलं, "आजी, अंगठा चालेल." बाईंनी पॅडकडे पाहिलं. मला बाईंच्या आईचा तो पदर आठवला. बाईंनी डाव्या हाताने पॅड हळूच परत सरकवलं आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, डावा हात आहे ना, शिकते. मी म्हटलं, मी शिकवते. त्यांनी नुसता एक सुस्कारा टाकला, फळ्यासमोर टाकायच्या तसाच, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

बुधवारी मी त्यांच्या खोलीवर गेले तर दार उघडंच होतं. जागृती दर बुधवारी त्यांना मासे घेऊन यायची, तशी आलेली. मासळीची पिशवी उंबऱ्याशी, आणि ती बाईंच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेली. पुढ्यात वही. बाईंच्या डाव्या मुठीवर तिची मूठ, नखांत खवले चिकटलेले.

"दाबू नको गो, कागद फाटता," बाई कुरकुरल्या.

"तुम्ही गप लिवा ना, बाई."

मी दारातच थांबले. सुलभा झालं. गणपत सुरू झालं. 'ण'पाशी जागृतीने आपला हात अलगद उचलला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. हात तसाच बोटभर वर धरून ठेवला. बाई लिहीत राहिल्या. वाकडं, पहिलीतल्या पोरासारखं, जीभ ओठांत धरून. परब लिहून झालं. मग तिन्ही शब्दांवर एकेक रेघ, आणि शेवटची रेघ थरथरत जराशी पुढे.

"बघा," जागृती म्हणाली, "मी कधीच सोडलेला."

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या.  त्यांनी ते पान फाडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "मंजू, खाटेखालची ती रिकामी पिशवी काढ."